अतिदक्षता विभागातून घरी परतलेल्यांचा थकवा

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेचा ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचा अहवाल आपल्या हाती आहे. त्यांतील आकड्यांची पुनरुक्ती करून मी आपला वेळ घेणार नाही. अध्यक्ष महोदयांनी मला जो अवधी दिला आहे, तो मी अशा एका विषयासाठी वापरू इच्छितो, की ज्याची नोंद कोणत्याही रुग्णालयाच्या ताळेबंदात होत नाही. अतिदक्षता विभागातून, म्हणजे आपल्या नित्याच्या बोलण्यातील आयसीयूमधून, जिवानिशी वाचून घरी गेलेल्या माणसाला पुढे महिनोन्महिने, कधी कधी वर्षानुवर्षे जो थकवा जाणवतो, तो हा विषय होय.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझ्या अधिकाराचा प्रांत नव्हे, आणि म्हणून आज जे सांगणार आहे ते आमच्या डॉक्टर मंडळींकडून तपासून घेतले आहे. तरीही हा विषय प्रशासकाने मांडावा, यास एक कारण आहे. तपासणीच्या खोलीत रुग्ण पाच-सात मिनिटे बसतो. नाडी, रक्तदाब, फुप्फुसांचा फोटो पाहिला जातो, आणि सर्व ठीक असल्याचे समाधान घेऊन तो बाहेर पडतो. माझ्या टेबलासमोर मात्र लोक अन्य कामांसाठी येतात. कोणास बिलाचा हप्ता पुढे ढकलून हवा असतो, कोणास कामावर रुजू होण्याचा दाखला हवा असतो, तर कोणास नोकरीच्या ठिकाणी रजा वाढवून घेण्यासाठी कागद हवा असतो. तो कागद तयार होईपर्यंत बसल्या बसल्या जे बोलणे होते, त्यात एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की तो आता पाठ झाला आहे. "रिपोर्ट त सारे बरोबर हायेत जी, मंग मानूस काहून उठत नाही?"

प्रश्न विचारणारी बहुधा पत्नी असते किंवा थोरला भाऊ असतो. त्यांच्या स्वरात काळजी असते, आणि जरा कान देऊन ऐकले तर थोडा संशयही असतो. माणूस आळशी तर झाला नाही ना? आजाराचा लाभ तर घेत नाही ना? बाजूच्या खुर्चीत बसलेला रुग्ण हे सारे ऐकत असतो आणि खाली पाहत असतो. आजच्या भाषणाचे प्रयोजन त्या खाली पाहणाऱ्या माणसासाठी आहे.

आपल्या जिल्ह्यात अतिदक्षता विभागातील खाट कशाने भरते, हे पुष्कळसे ऋतूवर अवलंबून असते. पाऊस लागला, बांध्यांत चिखलणी होऊन रोवणी सुरू झाली, की सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. मण्यार किंवा नाग चावल्यास विष मज्जासंस्थेवर चढते, श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि माणसाला काही दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. सालेकसा, देवरीच्या जंगलपट्ट्यातून मेंदूवर गेलेल्या हिवतापाचे रुग्ण येतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात गवत वाढते, तेव्हा त्यातील सूक्ष्म किड्यांच्या अळीच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस डोके वर काढतो. २०१८ साली नागपूर परिसरात त्याने किती जीव घेतले, ते आपणांस स्मरत असेल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि त्याहून कितीतरी अधिक जण अत्यवस्थ होऊन वाचले. मुंबई-कोलकाता महामार्ग आपल्या सडक अर्जुनी व देवरी तालुक्यांतून जातो, त्यावरचे अपघात बाराही महिने चालू असतात. बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या भगिनी येतात. आणि २०२० व २०२१ या दोन वर्षांबद्दल, विशेषतः २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांबद्दल, या सभागृहात कोणासही काही सांगण्याची आवश्यकता नाही.

कारणे अशी निरनिराळी. परंतु जे वाचतात, त्यांची घरी गेल्यानंतरची तक्रार मात्र चमत्कारिकरीत्या एकसारखी असते. साप चावलेला तरुण आणि कोविडमधून उठलेला शिक्षक एकाच भाषेत बोलतात. अंगात जीव नाही. दोन पायऱ्या चढलो की बसावे लागते. सकाळी उठतो तोच थकलेला असतो.

अतिदक्षता विभाग ही कल्पना फारशी जुनी नाही. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वास बंद पडू लागलेल्या रुग्णांच्या गळ्यात नळी बसवून हाताने पिशवी दाबून हवा देण्याची पद्धत ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने तेथे अवलंबिली, आणि पिशव्या दाबण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस बसले. त्यातून पुढच्या वर्षी स्वतंत्र अतिदक्षता विभाग उभा राहिला. त्या काळी प्रश्न एकच होता, रुग्ण जगेल की नाही. जगला म्हणजे जिंकलो. पुढे तीस-चाळीस वर्षे जगभरच्या रुग्णालयांनी याच प्रश्नाचे उत्तर सुधारत नेले, आणि ते इतके सुधारले की वाचलेल्यांची संख्या मोठी झाली. तेव्हा कुठे दुसरा प्रश्न विचारला जाऊ लागला: वाचलेला माणूस जगतो कसा?

या प्रश्नाचे पहिले ठसठशीत उत्तर कॅनडातील टोरांटो येथून २००३ साली आले. डॉ. मार्गारेट हेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसे निकामी होण्याच्या अवस्थेतून वाचलेल्या १०९ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला. हे काही जख्ख म्हातारे नव्हते; त्यांचे मध्यम वय ४५ होते. अतिदक्षता विभागातून बाहेर पडताना त्यांचे वजन मूळ वजनाच्या सरासरी १८ टक्क्यांनी घटले होते. एक वर्षानंतर त्यांना सहा मिनिटे सपाट जागेवर चालावयास सांगितले, तेव्हा त्यांनी साधारण ४२२ मीटर अंतर कापले. त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाकडून जी अपेक्षा असते, तिच्या हे दोन तृतीयांश होते. आणि एक वर्षानंतर कामावर परतलेले होते ४९ टक्के, म्हणजे निम्म्याहून किंचित कमी. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तोपर्यंत त्यांची फुप्फुसे बहुतांशी पूर्ववत झाली होती. ज्या अवयवासाठी दाखल झाले तो बरा झाला होता. माणूस बरा झाला नव्हता. याच रुग्णांना पाच वर्षांनी पुन्हा तपासले, त्याचा वृत्तान्त २०११ साली प्रसिद्ध झाला. तेव्हाही चालण्याचे अंतर अपेक्षेच्या ७६ टक्केच होते.

आता हिशेबनीस म्हणून मला साहजिकच विचारावेसे वाटले, की हा तोटा नेमका कोणत्या खात्यावर पडतो? आमच्या डॉक्टरांनी जे समजावून सांगितले, ते मी माझ्या भाषेत सांगतो.

सर्वांत मोठे खाते स्नायूंचे. शरीरावर गंभीर संकट आले, की शरीर स्वतःचे मांस मोडून त्यावर गुजराण करू लागते. लंडनमध्ये डॉ. झुडिन पुथुचेरी व सहकाऱ्यांनी २०१३ साली ६३ अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचे सोनोग्राफीने माप घेतले. दहा दिवसांत त्या स्नायूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी उतरले होते. हीच ती मांडी, जिच्या बळावर माणूस बाजेवरून उठतो, चिखलातून पाय उपसतो, धानाचा कट्टा पाठीवर घेतो. दहा दिवसांत गेलेले परत यावयास दहा महिने लागतात, आणि तेही पुरते येईलच असे नाही. त्याच्या जोडीला काही रुग्णांत नसाही दुबळ्या होतात. ही गोष्ट १९८४ साली कॅनडातील चार्ल्स बोल्टन यांनी प्रथम नीट वर्णन केली; फुप्फुसे सुधारूनही ज्यांचे व्हेंटिलेटर निघत नव्हते, अशा रुग्णांच्या हातापायांच्या नसा मंदावलेल्या त्यांना आढळल्या. यांखेरीज रक्त कमी होणे, झोपेची घडी विस्कटणे, अन्नावरची वासना जाणे, शरीरात दीर्घकाळ रेंगाळणारी सूज, ही सगळी लहान-मोठी खाती आहेतच. अतिदक्षता विभागात दिवे रात्रभर चालू असतात, यंत्रे वाजत असतात, गुंगीच्या औषधाने डोळा लागतो पण ती खरी झोप नसते. घरी आल्यावरही कित्येकांना रात्री दोन वाजता जाग येते आणि छातीत धडधडते.

या सर्व त्रासाला मिळून एक नाव असावे, म्हणून अमेरिकेतील अतिदक्षता तज्ज्ञांनी २०१० साली बैठक घेऊन ते निश्चित केले आणि २०१२ साली ते प्रसिद्ध झाले. मराठीत आपण त्याला अतिदक्षता-पश्चात लक्षणसमूह म्हणू. नाव अवजड आहे खरे, पण नावाचा एक मोठा उपयोग असतो. ज्याला नाव आहे, तो आजार. ज्याला नाव नाही, तो आळस. आपल्या समाजात हा भेद फार कठोरपणे केला जातो.

थकवा केवळ शरीराचा नसतो, हेही सांगावयास हवे. आमच्याकडे एक गृहस्थ आले होते. येथील एका राइस मिलमध्ये अनेक वर्षे मुनिमी केलेली, तोंडी बेरीज यंत्रापेक्षा लवकर करणारी व्यक्ती. जंतुसंसर्ग रक्तात गेल्याने त्यांना अतिदक्षता विभागात राहावे लागले होते. चार महिन्यांनी ते मिलमध्ये गेले, आणि काट्याच्या पावत्यांची बेरीज करताना त्यांना दर वेळी निराळा आकडा येऊ लागला. अर्ध्या तासात डोके जड होई, अक्षरे नाचू लागत. मालक भला, काही बोलला नाही. परंतु त्यांनीच दुसऱ्या दिवसापासून जाणे सोडले. मला म्हणाले, "हात-पाय गेले असते तर लोकांना दिसले तरी असते." मी स्वतः आकड्यांत आयुष्य काढलेला माणूस असल्यामुळे असेल, पण हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

हा त्यांचा एकट्याचा अनुभव नाही. अमेरिकेतील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ८२१ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे पहिले लेखक डॉ. प्रतीक पंढरीपांडे, आडनाव आपल्या विदर्भातील कानांना परके वाटणार नाही. आजारानंतर तीन महिन्यांनी तपासलेल्यांपैकी ४० टक्के लोकांची स्मरण व विचार करण्याची क्षमता डोक्याला मध्यम स्वरूपाचा मार लागलेल्या माणसाइतकी खालावलेली होती. एक वर्षानंतरही हे प्रमाण ३४ टक्के होते. यात तरुणही होते आणि वृद्धही. तेव्हा घरातील कोणी आयसीयूमधून आल्यावर गॅस बंद करावयास विसरला, व्यवहारात चुकला, चारचौघांत बसणे टाळू लागला, तर त्याला वेंधळा म्हणण्यापूर्वी थांबावे.

भगिनींच्या बाबतीत परिस्थिती आणखी अवघड आहे. पुरुष शेतावर गेला नाही, तर ते गावाला दिसते. बाई चुलीपुढे बसली तर ती बरी झाली असे घर समजते. तिरोडा तालुक्यातील एक सूनबाई बाळंतपणानंतरच्या तापातून वाचल्या. घरी विड्या वळण्याचे काम. मजुरी हजार विड्यांवर. आजारापूर्वी जेवढ्या वेळात हजार होत, तेवढ्यात आता चारशे होत नाहीत, बोटे भरून येतात, असे त्यांनी सांगितले. सासूबाई सोबत होत्या. त्या दुष्ट वगैरे मुळीच नव्हत्या. सुनेसाठी त्याच रुग्णालयाच्या व्हरांड्यात अकरा रात्री झोपल्या होत्या. परंतु त्यांचाही प्रश्न तोच: आता तर ताप नाही, मग काय? त्यांना आमच्या फिजिओथेरपिस्टने सुनेच्या मुठीची ताकद आणि त्यांची स्वतःची ताकद यंत्रावर मोजून दाखविली. साठीच्या सासूची मूठ चोविशीच्या सुनेपेक्षा जड निघाली. सासूबाई काही वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पोरीचं खरंच आहे का जी." त्या एका मोजणीला खर्च काही आला नाही.

आता पैशाच्या बाजूकडे येतो. ते माझे मुख्य काम आहे.

गरिबाच्या उपचारासाठी महाराष्ट्रात आज बरीच तरतूद आहे. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. धर्मादाय रुग्णालयांसाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. या व्यवस्थांनी असंख्य जीव वाचले आहेत, यात शंका नाही. परंतु या सर्वांचा कणा एकच आहे: रुग्ण दाखल झाला येथून हिशेब सुरू, आणि सुटी झाली, सोबत थोड्या दिवसांचे औषध दिले, की हिशेब बंद. कुटुंबाचा हिशेब मात्र सुटीच्या दिवशी सुरू होतो.

एक उदाहरण देतो. गोरेगाव तालुक्यातील एक शेतकरी, तीन एकर धान. जुलैच्या अखेरीस सर्पदंश, गुंतागुंत होऊन तीन आठवडे अतिदक्षता विभागात. योजनेतून उपचार झाले, बिल जवळपास शून्य. परंतु ऐन रोवणीत कर्ता पुरुष खाटेवर, पत्नी रुग्णालयाच्या दारात, पऱ्हे बांधीतच पिवळे पडले. शेजाऱ्यांनी एक एकर लावून दिले. पुढच्या हंगामात गडी स्वतः उभा राहील या भरवशावर त्यांनी कर्ज काढले, आणि पुढच्या जुलैतही तो धुऱ्यावर बसूनच होता. घरचा माणूस असताना रोवणीसाठी मजूर सांगावे लागले. त्या कुटुंबाचे खरे नुकसान पहिल्या वर्षी झाले नाही, ते दुसऱ्या वर्षी झाले. आणि ते टाळता येण्याजोगे होते. पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते, की एक वर्ष हा माणूस पूर्ण काम करू शकणार नाही, तर त्यांनी जमीन ठोक्याने दिली असती, कर्ज घेतले नसते. माहिती हेही औषध आहे, आणि ते सर्वांत स्वस्त आहे.

तेव्हा येथे बसलेल्या कुटुंबीयांना मी डॉक्टरांच्या वतीने काही गोष्टी सांगतो. पहिली ही, की थकवा खरा आहे असे धरून चाला. दुसरी ही, की तो खरा असला तरी त्यावर पडून राहणे हा उपाय नाही. पडून राहिल्याने उरलेला स्नायूही जातो. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, अंगणात फेऱ्या, मग गल्लीच्या टोकापर्यंत. आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. वाढविण्याचे माप दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते. आज चालल्यामुळे उद्या माणूस अंथरुणातून उठू शकत नसेल, तर मात्रा जास्त झाली, ती कमी करावी. कोविडनंतर रेंगाळलेल्या थकव्यात, ज्याची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली, ही सावधगिरी विशेष महत्त्वाची. तेथे नेटाने रेटल्यास प्रकृती बिघडते. दिवसातील जड काम सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे वाटून द्यावे, मध्ये विसावा ठेवावा.

आहाराबद्दल एक स्पष्ट बोलतो. आपला जिल्हा भाताचा. आजारी माणसाला पचायला हलके म्हणून आपण मऊ भात आणि पेज देतो, आणि तेवढ्यावरच ठेवतो. पेजेने पोट भरते, मांडी भरत नाही. गेलेला स्नायू पुन्हा बांधण्यासाठी डाळ, दूध, अंडी लागतात. जे मासे खातात त्यांच्यासाठी आपल्या मामा तलावांची मासळी आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आणि तिसरी गोष्ट, प्रत्येक थकवा आयसीयूच्या खात्यावर टाकू नका. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइड, क्षय, हृदयाचा दुबळेपणा, मनाची उदासी, एखाद्या औषधाचा परिणाम, यांपैकी काही निघाले तर त्यावर थेट उपचार आहे. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने त्याचीही तपासणी झालेली असावी. धाप वाढत चालली, पायांवर सूज आली, छातीत दुखू लागले, पुन्हा ताप आला किंवा जगणे नकोसे झाल्याचे शब्द तोंडून निघाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ताबडतोब यावे.

देणगीदारांपैकी काहींनी मला खासगीत विचारले, की या पाठपुराव्याने खरोखर फरक पडतो का? प्रश्न रास्त आहे, आणि ज्याच्याकडून पैसे घ्यावयाचे त्याला अर्धे उत्तर देणे बरे नव्हे. शिकागो व फिलाडेल्फिया येथे २००९ साली १०४ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, व्हेंटिलेटरवर असतानाच गुंगी उतरवून हालचाल व व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण सुटीच्या वेळी स्वतःचे स्वतः करू शकत होते. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ३५ टक्के होते. याच्या उलट, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ७५० रुग्णांच्या मोठ्या प्रयोगात नेहमीपेक्षा अधिक जोर लावून हालचाल करविल्याने अधिक लाभ दिसला नाही, काही अपाय मात्र वाढले. ब्रिटनमध्ये परिचारिकांनी चालविलेल्या पाठपुरावा केंद्रांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर रुग्णांच्या जीवनमानात मोजण्याजोगा फरक आढळला नाही. स्कँडिनेव्हियातील देशांत रुग्ण बेशुद्ध असताना नातेवाईक व परिचारिका त्याच्यासाठी रोजची वही लिहितात, की पुढे त्याला हरवलेल्या दिवसांचा उलगडा व्हावा. तिच्या परिणामाबद्दलही संशोधकांत एकमत नाही. थोडक्यात, थकव्यावर रामबाण औषध कोणाजवळ नाही. मग तरीही मी पैसे का मागतो? कारण टोरांटो किंवा लंडनच्या रुग्णाला सुटीनंतर त्याचा कुटुंबवैद्य, रजेचा पगार आणि घराजवळचे व्यायामकेंद्र मिळते. आमच्या रुग्णाला यांपैकी काहीच मिळत नाही. तेथे पाठपुरावा केंद्र ही असलेल्या सोयींत भर होती. येथे ती पहिलीच सोय असेल. आणि रक्तक्षय वेळेत सापडणे, कर्ज टळणे, सासूला सुनेचे पटणे, या गोष्टी त्या अभ्यासांच्या तक्त्यांत नव्हत्या.

पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, धायरी भागात दूषित पाण्यामुळे गिया-बारे या आजाराची साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण, त्यांतील कित्येक व्हेंटिलेटरवर. या आजारातून उठलेल्यांचा थकवा फार चिवट असतो. साथीची बातमी महिनाभर चालली. ते रुग्ण घरी गेल्यावर कोणत्या पायऱ्या चढू शकले, याची बातमी होत नाही.

विश्वस्त मंडळापुढे मी जो प्रस्ताव ठेवला आहे, तो लहान आहे. एक पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट, जो अर्धा दिवस अतिदक्षता विभागात व अर्धा दिवस बाह्यरुग्ण विभागात काम करील. आठवड्यातून एक दिवस आयसीयूतून गेलेल्या रुग्णांची स्वतंत्र तपासणी. सुटीनंतर दीड महिना, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष अशा चार भेटी. तळमजल्याच्या लांब व्हरांड्यात तीस मीटर अंतरावर रंगाच्या दोन रेषा मारून सहा मिनिटांच्या चालण्याची चाचणी. लांबच्या गावांतील रुग्णांच्या येण्या-जाण्याचे भाडे, कारण ज्याला पायऱ्या चढवत नाहीत त्याला केशोरी किंवा चिचगडहून दोन बस बदलून या म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. आणि सुटीच्या कागदासोबत सोप्या मराठीत, तसेच गोंडी व हिंदी बोलणाऱ्या कुटुंबांना तोंडी समजावून सांगण्याजोगा, एक पानाचा मजकूर. गावच्या आशाताईंना त्याची प्रत देता येईल. घरोघर जाणाऱ्या त्याच आहेत.

यात एक अडचण आहे, ती मोकळेपणाने मांडतो. व्हेंटिलेटर घेतला तर तो स्थावर-जंगम मालमत्तेत दिसतो, त्यावर दात्याच्या मातोश्रींचे नाव कोरता येते, उद्घाटनाचा फोटो निघतो. फिजिओथेरपिस्टचा पगार महसुली खर्चात जातो, वर्षाअखेर संपतो, पुढच्या वर्षी पुन्हा लागतो, आणि त्यावर कोणाचेही नाव कोरता येत नाही. यंत्रांसाठी आपण सर्वांनी आजवर सढळ हाताने दिले, त्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. यंदा माझी विनंती अशी, की ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या देणगीचा काही भाग तीन वर्षांसाठी या पगाराच्या व प्रवासभाड्याच्या खात्यावर नेमून द्यावा. पावतीवर तसा उल्लेख केला जाईल, आयकराची सवलत नियमाप्रमाणे मिळेल, आणि या खात्याचा स्वतंत्र जमाखर्च दर सहा महिन्यांनी आपणांस पाठविण्याची जबाबदारी मी घेतो. किती रुग्ण आले, किती आलेच नाहीत, किती कामावर परतले, हे तिन्ही आकडे त्यात असतील. न आलेल्यांचा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

सभा संपल्यावर व्हरांड्यात चहाची व्यवस्था आहे. तेथेच आमचे सहकारी मुठीची ताकद मोजण्याचे यंत्र घेऊन बसतील. ज्यांच्या घरी आयसीयूतून आलेले कोणी आहे, त्यांनी सुटीचे कागद सोबत आणले असल्यास दाखवावेत, नसल्यास नाव व गाव नोंदवून जावे.